मंडळीत कुणी चूक दाखवली आणि मन दुखावलं, तर ख्रिस्ती माणसाने काय करावं?

तुम्ही लिहिलं आहे की मंडळीतल्या, म्हणजे तुमच्या चर्चमधल्या, एका वडिलांनी (मंडळीची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्याने) तुम्हाला सांगितलं, 'तुम्ही सेवेत कुणाचं ऐकून घेत नाही, सगळे निर्णय एकटेच करता.' तेही आणखी दोघांसमोर. तेव्हापासून उपासनेला जायचं मन होत नाही. 'मी रोज देवाकडे ज्ञान मागतो आणि वाट्याला हे येतं' असं तुम्ही शेवटी म्हटलं आहे. मला तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ज्याला ज्ञान उणं आहे त्याने ते देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो, असं याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते कोणत्या वाटेने येईल हे मात्र तिथे सांगितलेलं नाही. प्रार्थना करताना किंवा वचन वाचताना आतून काहीतरी उमगेल, असं आपण धरून चालतो. तसं होतंही. पण मोशेकडे पाहा. परमेश्वर त्याच्याशी मित्राशी बोलावं तसा समोरासमोर बोलत असे. तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने लोकांचे न्यायनिवाडे करत बसणं बरोबर नाही, हे त्याला सांगितलं ते सासऱ्याने, इथ्रोने. निर्गमच्या 18 व्या अध्यायात हे आहे. इथ्रो मिद्यानचा याजक, म्हणजे बाहेरचा माणूस. मोशेने त्याचं सगळं ऐकलं आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले. अपमान करणाऱ्या नाबालाचा सूड घ्यायला चारशे माणसं घेऊन निघालेल्या दावीदाला नाबालाच्या बायकोने, अबीगईलने, वाटेत अडवलं, तेव्हा 'तुला आज परमेश्वरानेच पाठवलं' असं तो म्हणाला. म्हणून विचारतो: तुम्ही जे मागत होता, ते त्या वडिलांच्या तोंडून आलं असेल, ही शक्यता तुम्ही तपासली का? तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण न तपासता ती शक्यता बाजूला सारू नका.

आता मन दुखावण्याविषयी. ते दुखावणारच. कोणतीही शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाचीच वाटते, हे इब्री लोकांस पत्रात सरळ मान्य केलं आहे. दुखणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. प्रश्न त्यानंतर आपण काय करतो याचा आहे, आणि त्यासाठी मी नेहमी इस्राएलाचे राजे शौल आणि दावीद यांना शेजारी ठेवून वाचतो.

दोघांच्याही समोर संदेष्टा उभा राहिला, आणि दोघेही म्हणाले, 'मी पाप केले आहे.' शब्द तेच. पण शौल तिथपर्यंत कसा पोचला ते बघा. अमालेकी लोकांचं सगळं, जनावरांसकट, नष्ट कर अशी त्याला आज्ञा होती, आणि त्याने चांगली जनावरं राखली होती. आधी म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. मग मेंढरांचा आवाज कसा येतोय, असं शमुवेल संदेष्ट्याने विचारल्यावर म्हणाला, ती लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. शेवटी पाप कबूल केलं, पण लगेच पुढची विनंती अशी की वडिलांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख. त्याला काळजी होती ती लोकांत आपण कसे दिसू याची. दावीदाने बथशेबा ही दुसऱ्याची बायको घेतली होती आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मारवलं होतं. नाथान संदेष्ट्याने 'तो मनुष्य तूच आहेस' म्हटल्यावर दावीदाने ना बथशेबाचं नाव घेतलं, ना युद्धाची सबब सांगितली, ना कसली अट घातली. त्याच्या पापाचे परिणाम टळले नाहीत, मूल गेलं. पण 51 वं स्तोत्र त्याच प्रसंगाशी जोडलेलं आहे, आणि आजही पश्चात्ताप करणाऱ्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा ते स्तोत्र उपयोगी पडतं.

यहूदाचा आसा राजाही आठवतो. आयुष्यभर बऱ्यापैकी सरळ चाललेला हा राजा, पण हनानी द्रष्ट्याने त्याला दोष दाखवला तेव्हा त्याने हनानीला बंदिशाळेत टाकलं. बरीच वर्षं विश्वासात असलेल्या माणसाला बोध, म्हणजे कुणी चूक दाखवून दिलेली समज, पचवणं अधिक अवघड जातं, असं मला फार वाटतं. नव्या विश्वासणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे राखायला जास्त असतं.

मात्र प्रत्येक बोध खरा असतोच असंही नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाला दोष लावणारे त्याचे मित्र देवाच्याच नावाने बोलत होते, त्यांचं बरंच बोलणं कानाला धार्मिकही वाटतं, तरी शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. बिरुया गावच्या लोकांनी तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे. तेव्हा तपासण्यात अनादर नाही. कुणी 'बोध' या नावाखाली तुम्हाला धाकात ठेवत असेल किंवा स्वतःचं वाईट झाकत असेल, तर त्याच्यापुढे मान तुकवायची गरज नाही. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून मला इथे तसं दिसत नाही.

तपासायचं कसं? आधी सांगण्याची पद्धत आणि सांगितलेली गोष्ट वेगळी करा. पद्धत चुकलेली असू शकते आणि गोष्ट खरी असू शकते. अपुल्लोस हा उपदेशक सभास्थानात धैर्याने बोलत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पेत्राला मात्र पौलाने अंत्युखियात सर्वांसमोर बोल लावला, कारण त्याचं वागणं उघड होतं (यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणं त्याने सोडलं होतं) आणि पौलाचा सोबती बर्णबाही त्यात ओढला गेला होता. तरी पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख 'प्रिय बंधू' असाच आहे.

मग आणखी एका माणसाला विचारा, पण माणूस नीट निवडा. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा झाला तेव्हा त्यानेही सल्ला विचारला होता. वडीलधाऱ्यांचं त्याने टाकलं आणि आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचं धरलं, आणि इस्राएलाचे दहा वंश त्याच्या हातचे गेले. तुमच्या बाजूने बोलेल हे आधीच ठाऊक असलेल्या मित्राला विचारून काही हाती लागणार नाही. तुमच्यासोबत सेवेत काम करणाऱ्या, तुमच्याहून लहान असलेल्या कुणाला तरी विचारा, 'मी तुमचं ऐकून घेतो का?' तो उत्तराआधी थोडा थांबला तर ते थांबणंही ऐका.

आणि त्या वडिलांना एकट्याने भेटा. स्पष्टीकरण घेऊन जाऊ नका. 'तुम्ही हे नेमकं कोणत्या वेळी पाहिलं?' एवढंच विचारा आणि ते सांगतील ते पुरतं होऊ द्या. दोघांसमोर सांगितलं ते लागलं, हेही सांगायला हरकत नाही. भावाचा अपराध तुम्ही दोघेच असताना त्याला दाखवावा, असं प्रभूने मत्तयाच्या 18 व्या अध्यायात सांगितलं आहेच. फक्त ते त्या भेटीत शेवटी सांगा, त्यांचं सगळं ऐकून झाल्यावर.