1950 ची रिस्टोअर केलेली शेवरोले 3100 पिकअप घ्यावी का?

तुम्ही ओहायोत राहता, रंग अगदी नवाकोरा असलेली 1950 ची 3100 बघून आलात. रोज हायवेने ऑफिसला नेता येईल का आणि पैसे देण्याआधी काय तपासावं, हे तुमचे प्रश्न. माझ्याकडे त्याच पिढीतली पिकअप आहे, म्हणून लिहितोय.

रोज हायवेला नको. मूळ इंजिन 216 घनइंचाचं, सहा सिलिंडरचं, ताकद साधारण 90 अश्वशक्ती. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत तेल दाबाने जात नाही. रॉडच्या बुडाशी चमच्यासारखे डिपर असतात, ते फिरता फिरता तेल उचलून घेतात. बेअरिंगही बॅबिटची, मऊ धातूची. वर मागच्या अॅक्सलचं गिअर प्रमाण 4.11 चं, म्हणजे गाडी ओझं ओढायला बनवलेली, पळायला नाही. ताशी 45 मैलांनी गावाबाहेरच्या रस्त्याने जा, झकास चालते. 60 ने तासभर हाणलीत तर इंजिनाची वाट लागेल. म्हणूनच बरेच जण 1954 नंतरचं 235 घनइंचाचं इंजिन बसवतात, त्यात तेल दाबाने फिरतं. आत नक्की कोणतं आहे ते मालकाला स्पष्ट विचारा.

आता रंग. त्याला भुलू नका, तो कोणीही चढवतो. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या आणि दारांच्या मागे, केबिनच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गेलाय आणि पुट्टी भरलीय. मग सरळ खाली झोपा आणि केबिन चासीला जिथे बसते ते माउंट टॉर्चने बघा. मागच्या हौद्यातल्या लाकडी फळ्या आरशासारख्या चमकत असतील तर खूश होऊ नका. त्या बदलणं सगळ्यात सोपं. (आणि इतक्या चकचकीत फळ्यांवर मग कोणी साधं पोतंही टाकत नाही!)

ब्रेक चारही चाकांना ड्रम, आणि पेडलचा दाब तेलातून सगळ्या चाकांना पोचवणारा मास्टर सिलिंडर एकच, ड्रायव्हरच्या पायाखाली. एका चाकाशी गळती झाली तरी पेडल थेट तळाला जातं. त्यामुळे दुहेरी सर्किटचा (एक बाजू गळली तरी दुसरी चालते असा) मास्टर सिलिंडर बसवलेला असेल तर त्याचे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नसेल. 'अस्सल नाही' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

दाराच्या खांबावरची नंबर प्लेट आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर जुळवा. 1950 च्या 3100 च्या नंबरात 'एचपी' ही अक्षरं असतात.

सहा व्होल्टची वायरिंग लगेच बारा करायची गरज नाही. पायाने दाबायचा स्टार्टर रडत असेल तर आधी बॅटरीच्या केबल बघा. कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबल लावलेल्या असतात. जाड केबल टाका, अर्थिंगची जागा घासून पत्रा उघडा करा आणि मग पुन्हा दाबून बघा.