शासकीय विद्यापीठातील जागा की खाजगी विद्यापीठातील शाखा?

बार्शी येथील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे शेती अवजारांचे दुकान असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाख ८० हजार रुपये आहे. मोठ्या मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, दुसऱ्या फेरीत इतर मागास प्रवर्गातून पुण्यातील एका शासकीय तंत्रज्ञान विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. मुलीला संगणक अभियांत्रिकी हवी आहे आणि ती शाखा पुण्याजवळील एक खाजगी विद्यापीठ वर्षाला ४ लाख रुपये शुल्क घेऊन देण्यास तयार आहे. तेथील प्रवेश प्रतिनिधीने घर तारण ठेवून १६ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढण्याचा मार्ग सुचवला आहे, तर नातेवाईक गावाबाहेरचा प्लॉट विकावा असे म्हणत आहेत. धाकटा मुलगा दहावीत आहे. यांपैकी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

महोदय,

आपले पत्र आणि सोबतचा हिशेब मी काळजीपूर्वक वाचला. आपण दोन्ही ठिकाणच्या छापील शुल्काची तुलना केली आहे: शासकीय विद्यापीठात शिकवणी शुल्क ९५ हजार आणि इतर शुल्क २० हजार, खाजगी विद्यापीठात ४ लाख. या तुलनेत फरक वर्षाला तीन लाखांच्या आतला दिसतो आणि संगणक शाखेसाठी तो सोसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्या कन्येला शासकीय विद्यापीठात प्रत्यक्षात किती पैसे भरावे लागतील, हे त्या छापील आकड्यावरून कळत नाही. ते तिचा प्रवर्ग, आपले उत्पन्न आणि तिने प्रवेश कोणत्या वाटेने घेतला यांवर ठरते. यांतली तिसरी गोष्ट अजून आपल्या हातात आहे, म्हणून मी तिच्यावरच सर्वांत अधिक लिहिणार आहे.

राज्य शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिकवणी व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. त्यापूर्वी ही सवलत निम्मी होती. आपली मुलगी या अटींत बसते. या निर्णयाच्या दोन बाजू मात्र प्रवेशाच्या धावपळीत पालकांच्या नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांतून वगळली आहेत, तसेच व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील, म्हणजे कॅपबाहेर महाविद्यालयाने स्वतः दिलेले, प्रवेशही वगळले आहेत. दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे: शासकीय आणि अनुदानित संस्थांबरोबरच खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांनाही ही सवलत लागू आहे, फक्त तेथील प्रवेश कॅपमधूनच झालेला असला पाहिजे.

याचा अर्थ आपल्यासमोर दोन नव्हे, तीन पर्याय आहेत. शासकीय विद्यापीठातील विद्युत शाखा आणि खाजगी विद्यापीठातील संगणक शाखा यांच्या मध्ये एक पर्याय उभा आहे, तो म्हणजे एखाद्या चांगल्या विनाअनुदानित महाविद्यालयातील संगणक शाखा, कॅपच्या पुढच्या फेरीतून आणि शिकवणी शुल्काच्या पूर्ण सवलतीसह. आपल्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. मुलीला खरोखर संगणक शाखाच हवी असेल, तर त्यासाठी आधी ही वाट तपासावी, कारण तिथे शाखेसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागत नाहीत.

आता आकडे पाहू. खाजगी विद्यापीठाचे शुल्क दरवर्षी ५ टक्के वाढेल असे धरल्यास चार वर्षांचे शिकवणी शुल्क सुमारे १७ लाख २४ हजार होते. वसतिगृह, मेस, पुस्तके आणि प्रवास यांचे वर्षाला दीड लाख धरले, तर एकूण खर्च सव्वातेवीस लाखांच्या घरात जातो. शासकीय विद्यापीठात शिकवणी शुल्क माफ झाल्यावर २० हजारांचे इतर शुल्क उरते, कारण विकास शुल्कासारख्या बाबी या सवलतीत येत नाहीत. राहण्या-जेवण्यासह पुण्यातील खर्च १ लाख ३० हजार धरला, तर वर्षाला दीड लाख, म्हणजे चार वर्षांचे ६ लाख होतात. आपण ज्याला तीन लाखांचा फरक समजत होता तो प्रत्यक्षात वर्षाला सव्वाचार लाखांहून अधिक आणि चार वर्षांत सव्वासतरा लाखांचा आहे.

कर्जाने हा फरक आणखी वाढतो. दरवर्षी ४ लाख याप्रमाणे १६ लाखांची उचल झाली, व्याजाचा दर १० टक्के राहिला आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यानंतरचे एक वर्ष अशा सवलतीच्या काळात आपण काहीच भरले नाही, तर सरळ व्याजानेच ५ लाख ६० हजार रुपये मुद्दलात मिसळतात. मुलगी नोकरीला लागते तेव्हा तिच्या नावावर २१ लाख ६० हजारांचे कर्ज असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता साडेअठ्ठावीस हजार रुपये येतो आणि एकूण परतफेड ३४ लाखांच्या वर जाते. तिला वर्षाला ६ लाखांची नोकरी लागली तरी हातात महिन्याला ४५ हजारांच्या आसपास येतील, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम बँकेकडे वळेल. पुण्यात किंवा बंगळुरूत खोली घेऊन राहणाऱ्या मुलीने उरलेल्या पैशांत जगावे अशी अपेक्षा मला योग्य वाटत नाही. प्रत्यक्षात तो हप्ता आपल्या दुकानावर येईल आणि हप्ता थकल्यास तारण ठेवलेले घर अडचणीत येईल.

प्रतिनिधीने सांगितलेल्या दोन सोयींविषयीही स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. प्राप्तिकर कायद्याखाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते हे खरे आहे, परंतु ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून करच लागत नसल्यामुळे ६ किंवा ८ लाख पगार असलेल्या मुलीला या वजावटीचा काहीही उपयोग नाही. दुसरी सोय पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ही योजना चांगली आहे. तिच्यात तारण किंवा जामीनदार लागत नाही आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज-सवलत मिळू शकते. पण ती शैक्षणिक संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीच्या (एनआयआरएफ) आधारे निवडलेल्या ठरावीक संस्थांनाच लागू आहे आणि व्याज-सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती मर्यादित असून शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांना तिच्यात प्राधान्य आहे. आपल्याला घर तारण ठेवण्यास सांगितले गेले, यावरून प्रस्तावित कर्ज या योजनेतले नसावे असे मला वाटते. ते खाजगी विद्यापीठ या यादीत आहे का, याची खात्री प्रतिनिधीकडून न करता योजनेच्या संकेतस्थळावर किंवा बँकेच्या शाखेत करावी.

प्लॉट विकण्यासही माझा विरोध आहे, आणि त्याचे एक कारण सहसा कोणी सांगत नाही. विक्रीतून होणारा भांडवली नफा त्या वर्षीच्या आपल्या उत्पन्नात धरला गेला, तर कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या पुढे जाऊन पुढील वर्षाची सवलतच अडचणीत येऊ शकते. मुलगी शिकत असेपर्यंत असा व्यवहार करायचाच असेल, तर आधी आपल्या कर सल्लागाराशी बोलून त्याचे वर्ष आणि पद्धत ठरवावी. प्लॉट तिच्या लग्नासाठी ठेवला आहे असेही आपण लिहिले आहे. माझ्या मते तो आपल्या कुटुंबाच्या अडीअडचणीची ठेव म्हणून राहू द्यावा. निवृत्तिवेतन नसलेल्या दुकानदाराला अशा ठेवीची गरज असते. याच कारणासाठी आपल्या भविष्य निर्वाह निधीतील ७ लाखांनाही हात लावू नये असे मी सुचवतो.

शासकीय विद्यापीठाच्या किंवा कॅपमधील तिसऱ्या पर्यायाच्या खर्चाची तजवीज आपल्याकडे आजच आहे. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात ५ लाख ४० हजार रुपये आहेत. ती अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली, की उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, एकरकमी किंवा वर्षातून एकदा याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत. मात्र काढण्याची रक्कम संस्थेने मागितलेल्या प्रत्यक्ष शुल्कापुरतीच असते. म्हणून वसतिगृह आणि मेसचे शुल्क संस्थेच्या अधिकृत पावतीवर असेल याची काळजी घ्यावी. वर्षाला ९० हजार याप्रमाणे तीन वर्षांत २ लाख ७० हजार या मार्गाने मिळतील. उरलेले ३ लाख ३० हजार चार वर्षांत विभागले तर महिन्याला सुमारे ६,९०० रुपये होतात. आपण सध्या महिन्याला १५ हजार बाजूला टाकता. म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी ८ हजार रुपये दरमहा शिल्लक राहतात, आणि ही रक्कम आत्तापासूनच वेगळ्या आवर्ती ठेवीत घालावी. मुलांना पूर्ण शुल्क सवलत नाही, त्यामुळे त्याच्या शिक्षणाचा खर्च बहिणीपेक्षा जास्त येईल असे धरून चालावे. इतर मागास वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना पुण्यासारख्या शहरात निवास-भोजनासाठी वर्षाला ६० हजार रुपये देते, परंतु तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाखांची असल्याने ती आपल्या हिशेबात धरू नये.

शाखेविषयी माझे मत विचारले आहे म्हणून लिहितो. संगणक शाखेला मागणी आहे हे मी नाकारत नाही, पण सव्वासतरा लाखांच्या फरकाचे समर्थन करायचे तर त्या संस्थेतून त्या शाखेच्या किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली आणि त्यांचा मध्यक पगार, म्हणजे निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याहून अधिक मिळाला तो पगार, किती होता, हे कागदावर दिसले पाहिजे. माहितीपत्रकावरील सर्वोच्च पॅकेजचा येथे उपयोग नाही. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी माहिती सादर करतात, तिच्यात नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यक पगार असतो. दोन्ही संस्थांची ती पाने मुलीला स्वतः वाचू द्यावीत. विद्युत शाखेत राहूनही संगणक विषयाची अतिरिक्त श्रेयांके (क्रेडिट) घेऊन गौण (मायनर) पदवी मिळवण्याची सोय अनेक स्वायत्त संस्थांत असते, आणि प्रथम वर्षाच्या गुणांवर रिक्त जागी शाखाबदलही काही ठिकाणी होतो. शाखाबदलाची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. गौण पदवीची चौकशी मात्र अवश्य करावी.

माझा सल्ला असा आहे की शासकीय विद्यापीठातील जागा आता सोडू नये. ती ठरलेल्या मुदतीत स्वीकारून पुढील फेरीसाठी सुधारणेचा पर्याय खुला ठेवावा. त्या फेरीच्या पसंतीक्रमात विद्युत शाखेच्या वर फक्त तीच महाविद्यालये लिहावीत, जिथे संगणक शाखा मिळाल्यास मुलगी आनंदाने जाईल, कारण वरची जागा मिळताच हातातील जागा आपोआप रद्द होते आणि परत मागता येत नाही. वरच्या काही पसंतींपैकी जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक ठरते, म्हणून यादी भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका शब्दशः वाचावी. यादी लांब करण्याचा मोह टाळावा. कॅप संपल्यावर एखादे महाविद्यालय संस्थास्तरावर संगणकाची जागा देऊ करील, पण ती घेतल्यास सवलत जाते, हे लक्षात ठेवावे.

खाजगी विद्यापीठात जागा राखण्यासाठी आपण ५० हजार भरले आहेत. ते परत मिळण्यासाठी लेखी अर्ज आजच करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी माघार घेतल्यास किरकोळ कपात वगळून पूर्ण शुल्क परत करावे लागते, आणि जितका उशीर होईल तितकी परताव्याची टक्केवारी घटत जाते. अर्जाची पोच घ्यावी, केवळ फोनवर बोलून थांबू नये.

आता कागदपत्रे. आपल्या पत्रातील एका वाक्याने मला सर्वांत अधिक काळजी वाटली: जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज जात पडताळणी समितीकडे प्रलंबित आहे. मुदतीत वैधता प्रमाणपत्र सादर झाले नाही तर राखीव प्रवर्गातील जागा जाते, आणि त्याबरोबर सवलतीचा आधारही जातो. मी वर मांडलेला सारा हिशेब या एका कागदावर उभा आहे. म्हणून दुकान दोन दिवस बंद ठेवावे लागले तरी चालेल, पण सोलापूरच्या समिती कार्यालयात स्वतः जाऊन त्रुटी असल्यास पूर्ण करून द्याव्यात आणि प्रवेशाचे पत्र दाखवून तातडीची विनंती लेखी नोंदवावी. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का ते पाहावे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नवीन काढावा आणि मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. शासनाकडून शुल्काची प्रतिपूर्ती उशिरा आल्यास किंवा एखाद्या वर्षी आपले उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्यास अडचण होऊ नये यासाठी एका वर्षाच्या शिकवणी शुल्काइतके, म्हणजे ९५ हजार रुपये, आपल्या मुदत ठेवीतून वेगळे काढून चारही वर्षे तसेच ठेवावेत.

वैधता प्रमाणपत्र मुदतीत मिळाले नाही, तर मला लगेच कळवावे. त्या परिस्थितीत, खुल्या प्रवर्गातून जागा मिळू शकत असेल तर, शासकीय विद्यापीठातील खुल्या प्रवर्गाचे पूर्ण शुल्क आणि विनातारण कर्ज यांचा वेगळा हिशेब करावा लागेल, आणि तोही खाजगी विद्यापीठापेक्षा बराच कमी खर्चाचा असेल.