वाफेवर चालणाऱ्या मॉडेल बोटीसाठी किट आणि इंजिन कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यात साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सोडलेल्या नौका बघून मुलाने हट्ट धरलाय, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही हौस आहे. मीटरभर लांबीची, रिमोटवर फिरणारी, खऱ्या वाफेची लाँच हवी. हात बऱ्यापैकी चालतो, पण घरी लेथ नाही. किट कोणतं, इंजिन कोणतं, आणि बॉयलर डिचोलीच्या तांब्या-पितळेच्या कारागिराकडून करून घेतला तर पैसे वाचतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर भाजण्याशी गाठ आहे. करून घेऊ नका. डिचोलीच्या कारागिराच्या हाताला नावं ठेवायचं कारणच नाही. पण समईत वाफ नसतेच, आणि फेणीच्या भट्टीवरच्या भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात, ती कोंडत नाही, नळीवाटे लावणीत, म्हणजे फेणी जमा होते त्या भांड्यात, जाऊन थंड होते. बोटीच्या बॉयलरमध्ये ती कोंडायचीच असते. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी साधारण १ बारला उडते (बार हे दाबाचं माप). मॉडेल बोटीचे बॉयलर बहुधा २ ते ४ बारवर चालतात. ३ बारला आतलं तापमान १४३ अंशांच्या आसपास असतं. कथलाचा नेहमीचा झाळ १८३ अंशांपासून वितळू लागतो, म्हणजे पाणी संपून बॉयलर कोरडा पडला की सांधा सुटलाच. म्हणून बॉयलरला सिल्व्हर सोल्डरच लागतं, ते ६०० अंशांच्या पुढे वितळतं. पत्रा आणि नळ्या तांब्याच्या, व्हॉल्व्ह-नळ्या बसवायचे आट्यांचे तुकडे, म्हणजे बुश, ब्राँझचे. बुशना पितळ वापरू नये, कारण गरम पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि वरून धडधाकट दिसणारा भाग आतून ठिसूळ होतो.

कायदा इथे तुमच्या मदतीला येणार नाही, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे बॉयलरचा कायदा १९२३ पासून होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला, पण २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी त्यातून वगळलेली आहेत. तुमचा बॉयलर अर्ध्या लिटरचाही नसेल. इन्स्पेक्टर यायचा नाही, तेव्हा इन्स्पेक्टर तुम्हीच. विकणाऱ्याकडून चाचणीचं प्रमाणपत्र मागा. नवा बॉयलर चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाला, थंड पाण्याने काठोकाठ भरून तपासलेला हवा. पाण्यानेच का, तर पाणी दाबलं जात नाही. सांधा गेला तर थेंब गळतो आणि गेजचा काटा पडतो, एवढंच. हवेने तपासायला गेलात आणि सांधा गेला तर तुकडे उडतात. प्रमाणपत्र नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह नाही किंवा पाण्याची पातळी दाखवणारी काच नाही, असा बॉयलर फुकट मिळाला तरी घेऊ नका. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे चकचकीत पितळी संच पुष्कळदा नुसते शोकेससाठी असतात.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण आधी होडीचं किट पसंत करतात, मग त्यात मावेल ते इंजिन शोधतात आणि उरलेल्या जागेत बॉयलर कोंबतात. उलट दिशेने जा. बॉयलर आणि इंजिन एकाच बनवणाऱ्याकडून, जोडी म्हणून घ्या, आणि होडी त्या जोडीच्या मापाने निवडा किंवा बांधा. पैसे वाचवायचेच असतील तर ते होडीत वाचवा.

जोडी का, हे एका हिशोबाने दाखवतो. स्टुअर्ट या ब्रिटिश कंपनीचं १०-व्ही हे या छंदातलं जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं उभं इंजिन. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, स्ट्रोकही (पिस्टनची एका बाजूची धाव) पाऊण इंच, म्हणजे दोन्ही १९ मिमी. एका स्ट्रोकला ५.४ घनसेंमी वाफ लागते. पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ येते म्हणून एका फेऱ्याला त्याच्या दुप्पट. मिनिटाला ५०० फेरे धरले तर साडेपाच लिटरच्या जरा आत. २ बारला वाफेची घनता लिटरला सुमारे १.६५ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ९ मिलि पाणी. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात थंड नळीत पाणी होऊन जाणारी वाफ आणि बारीकसारीक गळती धरून दीडपट समजा, १३ मिलि. बॉयलरमधलं वापरता येण्याजोगं पाणी २०० मिलि असेल तर पंधरा मिनिटांची फेरी. बॉयलर याहून लहान असला की इंजिन दोन मिनिटं झोकात पळतं आणि मग दाब पडत पडत दम टाकतं. कोणत्याही इंजिनाचा व्यास आणि स्ट्रोक जाहिरातीत दिलेले असतात, तेव्हा हाच हिशोब तुम्ही घरबसल्या करू शकता.

तरीही पहिल्या बोटीसाठी १०-व्ही घ्या असं मी म्हणणार नाही. ओतीव तुकड्यांच्या रूपात घेतलं तर लेथशिवाय पान हलत नाही. लेथवरचं काम झालेलं किट किंवा तयार इंजिनही मिळतं, पण ते एकाच सिलिंडरचं. एकाच सिलिंडरचं इंजिन नेमकं डेड सेंटरवर, म्हणजे पिस्टन धावेच्या टोकाला असताना, थांबलं की फ्लायव्हील हाताने फिरवल्याशिवाय सुरू होत नाही. टेबलावर ठीक आहे, तळ्याच्या मध्यावर कोणाचा हात पोचणार? रिमोटवर थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा पुढे न्यायचं असेल तर दोन सिलिंडरचं, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारं आणि क्रँक एकमेकांशी ९० अंशांवर असलेलं इंजिन घ्या. ते कुठेही थांबलं तरी आपसूक उचलतं. स्टुअर्टचंच डी-१० तसं आहे.

त्यातही माझं मत ऑसिलेटिंग प्रकाराला. यात सिलिंडरच डोलतो आणि डोलता डोलता स्वतःच वाफेची भोकं उघडतो-मिटतो, त्यामुळे वेगळे व्हॉल्व्ह, त्यांच्या दांड्या, त्यांचं टायमिंग ही भानगड नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाफेची वाट आपसात बदलली की इंजिन उलटं फिरतं. हे काम एक छोटा फिरता व्हॉल्व्ह करतो, म्हणजे एकाच सर्व्होवर (रिमोटने दांडी हलवणारी छोटी मोटर) वेग, थांबणं आणि मागे जाणं तिन्ही होतात. दुसरा सर्व्हो सुकाणूला. स्लाइड व्हॉल्व्हचं, म्हणजे वाफेची भोकं वेगळ्या सरकत्या झडपेने उघडणारं, इंजिन दिसायला जास्त देखणं आणि वाफेला काटकसरी असतं, पण मागे न्यायचं तर त्याला वेगळी लिंकेज लागते. ते दुसऱ्या बोटीला बघा. मामोड, विलेस्को यांची टेबलावरची इंजिनं खेळणी म्हणून मला फार आवडतात, पण मीटरभर बोट ओढायची ताकद त्यांत नाही.

डिस्प्लेसमेंट ल्युब्रिकेटर संचात आहे का, हे जरूर विचारा. बोटाच्या पेराएवढी पितळी डबी असते, वाफेच्या नळीला जोडलेली. तिच्यात घट्ट स्टीम ऑइल भरतात. वाफ आत शिरून थंड होते, तिचं पाणी तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. फेरी संपल्यावर, दाब पूर्ण उतरल्यावर, खालचा स्क्रू सैल केला की आधी दुधाळ पाणी येतं, मग तपकिरी तेल दिसतं. तेल दिसलं की स्क्रू आवळायचा आणि वरून तेल भरायचं. स्कूटरचं किंवा शिलाई मशीनचं तेल इथे चालत नाही, वाफेत ते धुऊन जातं. बाहेर पडणाऱ्या वाफेतलं तेल तळ्यात जाऊ नये म्हणून एक सेपरेटर टाकीही लागते.

सुरू करताना घाबरवणारी एक गोष्ट: थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ शिरताच तिचं पाणी होतं आणि इंजिन अडल्यासारखं वाटतं. व्हॉल्व्ह जरासा उघडून फ्लायव्हील बोटाने मागे-पुढे डोलवा. एक्झॉस्टमधून तेलकट पाणी थुंकत थुंकत ते गरम होतं आणि एकदम मोकळं फिरू लागतं. पाणी अडलेलं असताना जोर लावलात तर क्रँक वाकेल.

इंधन. ३०० मिलि पाण्याची वाफ करायला साधारण ७८० किलोज्यूल उष्णता लागते. निम्मी वाया जाते असं धरलं तर ३४ ग्रॅम ब्यूटेन. हा आकडा दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा आहे: गॅस पाण्याच्या आधी संपला पाहिजे. टाकी एवढीच भरायची की बर्नर विझेल तेव्हाही काचेत पाणी दिसत असेल. थंड देशांत लोक कुरकुरतात की ब्यूटेनला दाब राहत नाही. गोव्यात ती अडचण नाही, उलट टाकी दुपारच्या उन्हात ठेवायची नाही एवढं लक्षात ठेवायचं. लायटरमध्ये भरायचा ब्यूटेनचा डबा मिळतो, तोच वापरा. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये प्रोपेन असतो आणि त्याचा दाब ब्यूटेनच्या कितीतरी पट. तो बोटीच्या टाकीत भरायची कल्पनासुद्धा नको.

होडीकडे आता या. उघडी लाँच घ्या: रुंद, पोटाला गोल, बॉयलरभोवती हवा खेळेल अशी. टगही चांगला. युद्धनौका किंवा अरुंद यॉट नको, कारण उभा बॉयलर उंच असतो आणि वजन वर गेलं की पहिल्याच वळणावर बोट कलंडते. आडवा बॉयलर असेल तर जास्त निर्धास्त. जर्मनीच्या क्रिकचं व्हिक्टोरिया हे मीटरभराच्या स्टीम लाँचचं किट याच कामासाठी आहे. बजेट असेल तर डोळे मिटून घ्या. नसेल तर नकाशा आणून स्वतः बांधा. मरीन प्लाय आपल्याकडे मिळतं, आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कोणीतरी तुमच्या ओळखीत निघेलच, त्याच्याकडून मॅट आणि रेझिन घ्या. बाहेरून काचकापडाचा एक थर हवाच, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने नुसतं घरात ठेवूनही लाकूड फुगतं. बॉयलरखाली सिरॅमिक पेपर आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. बांधण्याआधी इंजिन, पाण्यासकट बॉयलर, टाकी, बॅटरी, सगळं काट्यावर ठेवा. जेवढे किलो तेवढे लिटर पाणी होडीने बाजूला सारलं पाहिजे. त्यात होडीचं स्वतःचं वजन वेगळं. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) इलेक्ट्रिक बोटीचा छोटा घेऊ नका. वाफेचं इंजिन सावकाश पण जोराने फिरतं, त्याला ५०-६० मिमीचा, जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे नेणारा), तीन पात्यांचा पंखा शोभतो.

चालवायची जागा गोड्या, संथ पाण्याची. मांडवी, शापोरा, खाजनातलं पाणी खारं. पोलादी शाफ्ट आणि सर्व्हो दोन्ही खाऊन टाकील. तुम्हाला मये तलाव जवळ आहे, तिथे विचारून चालवा. शेवाळ आणि वेली असलेलं तळं टाळा, पंखा गुंडाळून बोट मध्येच अडकते आणि मग पोहणारा शोधावा लागतो. वाळवंटीत त्रिपुरारीच्या रात्री मात्र सोडू नका. प्रवाह असतो, काठावर गर्दी असते, शेजारून पणत्या लावलेल्या थर्मोकोलच्या नौका जात असतात आणि तुमच्या बोटीत गॅसची टाकी.

परदेशातून मागवताना टपालखर्चापेक्षा जकात जड जाते. मॉडेल्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली मोडतात आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७० टक्के झालं होतं. ऑर्डर देण्याआधी त्या दिवसाचा दर बघा. गॅसची टाकी रिकामीच येईल, भरलेला डबा विमानाने येत नाही.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. दहाच्या आतबाहेर असेल तर आधी जत्रेतली पत्र्याची टुकटुक बोट घेऊन द्या, म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत बघा. तिची कल्पना टॉमस पियो याने १८९१ मध्ये पेटंट केली. आतल्या इवल्या बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन नळ्यांतलं पाणी मागे ढकलतं, वाफ विरली की पाणी परत आत ओढलं जातं. बाहेर जाताना एका दिशेने धार, आत येताना चहूबाजूंनी, म्हणून बोट पुढे सरकते. बादलीत तेवढं चालवून झालं आणि उत्साह टिकला तर लाँच. तिचा रिमोट खुशाल त्याच्या हातात द्या. बर्नर पेटवणं, गॅस भरणं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दर वेळी उचलून बघणं ही कामं तुमची.