शून्याकडून काय उसनं घ्यायचं?

प्रश्न : बाई, माझी मुलगी तिसरीत आहे. ४०२ मधून १५७ वजा करायला दिले की तिचं उत्तर ३५५ येतं. चार वेळा समजावलं, तरी तेच. अभ्यासात लक्ष नाही म्हणून रागवावं, की क्लास लावावा?
– एक आई, चिंचवड

उत्तर : दोन्ही नको. लक्ष आहे, म्हणून तर चारही वेळा एकच उत्तर आलं! तिने केलंय काय, बघा. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले : पाच. शून्यातून पाच जात नाहीत, मग पाचातून शून्य : पाच. चारातून एक गेला, तीन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान.

'शेजारच्या घरातून एक उसना घे' असं तुम्ही सांगितलं असणार. मीही बरीच वर्षं तेच सांगायचे. मग माण तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत एका पोराने विचारलं, "बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?" त्याच्या घरी वाटीभर पीठ आणलं तरी परत जायचं. त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला आणि 'सुटे करणं' धरलं. शिवाय इथे शेजारी शून्य. त्याच्याकडे द्यायला आहे काय?

वही मिटा. कागदाच्या खोट्या नोटा करा : शंभराच्या चार, आणि एक-एक रुपयाची दोन नाणी. तुम्ही दुकानदार, मागा १५७. सात सुटे तिच्याकडे नाहीत आणि दहाची नोट एकही नाही. मग शंभराची एक मोडायची : दहाच्या दहा. त्यातली एक मोडायची : दहा नाणी. आता हातात शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, नाणी बारा. मोजून घ्यायला लावा, पैसे ४०२ च आहेत. ही मोजणी घाईत उरकू नका, मुलांना खरी शंका तिथेच असते. पुढचं सोपं : बारातून सात, पाच, नवातून पाच, चार, तिनातून एक, दोन. २४५. ताळा तिलाच करू दे : २४५ अधिक १५७.

हे झालं की मगच वहीत शून्यावर काट मारून वर ९ लिहायचा. तो नऊ कुठून आला हे तिने स्वतः हाताळलेलं असेल.

दोन दिवसांनी, काही न सांगता, ५०० वजा २३६ द्या. ३३६ आलं तर नोटांचा डबा पुन्हा काढा. २६४ आलं तर तिला दुकानदार करा आणि गिऱ्हाईक तुम्ही व्हा.