संगीतकार विवाल्दीचं आयुष्य कसं होतं? त्याला लोक दोनशे वर्षं विसरले होते हे खरं का?

हो, बऱ्याच अंशी खरं आहे. मी व्हायोलिन शिकतोय आणि सध्या त्याचा ए मायनर कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढं आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) वाजवतोय, जो जवळजवळ प्रत्येक व्हायोलिनच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो, त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

जन्म व्हेनिसचा, १६७८. वडील सेंट मार्क्स चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. हा १७०३ मध्ये पाद्री झाला, लाल केसांमुळे लोक त्याला लाल पाद्रीच म्हणायचे, पण छातीच्या दुखण्यामुळे त्यानं थोड्याच वर्षांत प्रार्थना चालवणं सोडलं. त्याच वर्षी तो पिएता नावाच्या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवायला लागला, आणि माझ्या मते त्याची खरी गोष्ट इथंच आहे. तिथं भिंतीत एक कोनाडा होता, नको असलेलं तान्हं बाळ लोक त्यात ठेवून जायचे. त्यातल्या हुशार मुलींना संगीत शिकवायचे आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा इतका भारी होता की युरोपभरचे लोक ऐकायला यायचे, मुली मात्र जाळीच्या आड, दिसायच्याच नाहीत. विवाल्दीच्या किती अवघड रचना या मुलींच्या हातात गेल्या असतील! नोकरी मात्र पक्की नव्हती, त्याला ठेवायचं का यावर दरवर्षी मतदान, १७०९ मध्ये एका मतानं गेली आणि १७११ मध्ये परत बोलावलं. पुढं १७२३ मध्ये महिन्याला दोन कॉन्चेर्तो द्यायचा करार झाला. चार ऋतूंवरचे त्याचे प्रसिद्ध कॉन्चेर्तो, फोर सीझन्स, १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेले. ऑपेरेही, म्हणजे गाऊन सादर करायची नाटकं, भरपूर लिहिले.

नंतर व्हेनिसची आवड बदलली, तो व्हिएन्नाला गेला, पण त्याचा चाहता असलेला सम्राट चार्ल्स सहावा १७४० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, २८ जुलै १७४१ ला, विवाल्दीही गरिबीतच गेला.

मग विस्मरण. जर्मन संगीतकार बाखनं त्याचे कॉन्चेर्तो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी (पियानोसारखं जुनं वाद्य) बसवले होते म्हणून अभ्यासकांना नाव तरी माहीत होतं. १९२६ मध्ये इटलीतल्या एका मठाला जुनी हस्तलिखितं विकायची होती, त्यात विवाल्दीचे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. तुरिन शहरातल्या ग्रंथालयाकडे ती विकत घ्यायला पैसे नव्हते. एका गृहस्थानं तो संग्रह घेऊन दिला, उरलेला भाग सापडल्यावर दुसऱ्यानं. दोघांचीही लहान मुलं वारलेली होती. तुरिनमध्ये ती हस्तलिखितं आजही त्या दोन मुलांच्या नावानं आहेत, मौरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो.