दर सहा महिन्याला नवं व्हर्जन, टाकायचं का नाही?

प्रश्न : सर, माझं गंगाखेडला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन वर्षामागं पोराच्या मित्राने एका जुन्या डेस्कटॉपवर ओपनबीएसडी ७.४ ही (विंडोजसारखी) ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, दुकानातले पाचही कॉम्प्युटर त्याच्यावरूनच नेटला जातात. एकदा बी लटकलं नाही. मग हे लोक दर सहा महिन्याला नवीन व्हर्जन कशाला काढतात, चालतंय ते चालू देऊ का? मागल्या महिन्यात एक पॅकेज (वेगळा प्रोग्राम) टाकायचं होतं, मिररचा (जिथून फाइली उतरवतात त्या सर्व्हरचा) पत्ता हाताने बदलून नव्या व्हर्जनचं घेतलं तर लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा सामायिक कोड) सापडत नाही म्हणतं. आणि लाईट गेली की परत चालू होताना डिस्क चेक करत बसतं ते वेगळंच.
– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : दादा, तुमचं मशीन चालतंय हे खरं, पण नेटच्या तोंडावर बसलेलं मशीन नुसतं चालून भागत नाही. ओपनबीएसडीवाले फक्त शेवटच्या दोन व्हर्जनला दुरुस्त्या देतात, म्हणजे एक व्हर्जन साधारण वर्षभर सांभाळलं जातं, आणि ७.४ आलं होतं ऑक्टोबर २०२३ला. तेव्हापासून सुरक्षेतली जी काही भोकं सापडली आणि बुजवली गेली त्यातलं बरंचसं तुमच्यापर्यंत आलेलंच नाही.

आता सहा महिन्याचं. थिओ डी राट यांनी १९९५च्या ऑक्टोबरात नेटबीएसडी या आधीच्या सिस्टिमपासून वेगळं होऊन कॅनडातल्या कॅलगरीतून हे काम सुरू केलं, आणि व्हर्जन काढायचा त्यांचा हंगाम ठरलेला आहे. आपल्याकडं सोयाबीन काढायची घाई असती तेव्हा एक आणि अक्षय तृतीयेच्या पुढंमागं एक. एखादं फीचर तयार नसेल तर त्याच्यासाठी व्हर्जन थांबवत नाहीत, ते पुढच्या खेपेला येतं. आकडा प्रत्येक वेळी ०.१ नं वाढतो एवढंच, ६.९ नंतर २०२१ला ७.० आलं ते काही फार मोठा बदल झाला म्हणून नाही. मधल्या काळात ज्याच्यावर रोज काम चालू असतं त्याला म्हणतात करंट, त्याचे तयार स्नॅपशॉट (त्या वेळच्या प्रती) निघत राहतात आणि डेव्हलपर लोक स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर तेच चालवतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, जे मोडलंय ते आधी त्यांनाच टोचतं.

आणि हे लोक सहा महिने नवीनच काही जोडत बसतात असं नाही, काढून टाकण्यात बी तेवढाच वेळ जातो. २०१४च्या एप्रिलात ओपनएसएसएल या नेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या कोडमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं तेव्हा यांनी तो कोड उचलून लिब्रेएसएसएल सुरू केलं आणि पहिल्या आठवड्यातच ९० हजारांवर ओळी उपटून फेकल्या. त्याच्या पुढच्याच महिन्यात ५.५ आलं, त्यात वेळ मोजायचा आकडा ३२ बिटवरून ६४ बिटचा केला, कारण ३२ बिटचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ला भरून जातं. २४ वर्षं आधी ही मेहनत करून ठेवली, तीसुद्धा जुन्या ३२ बिटच्या मशीनवर, आणि त्यापायी आधीचे प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालणार नाहीत हे माहीत असून केली.

तुमच्या पॅकेजचं दुखणं इथंच आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा), लायब्ररी आणि पॅकेज हे सगळं एका व्हर्जनचं एका वेळी तयार होतं, जुन्याशी जुळवून ठेवायचं बंधन ते पाळत नाहीत. ७.४ वर नव्याचं पॅकेज टाकलं तर ते लायब्ररीचा नवा नंबर मागतं, तो तुमच्याकडं नाही, मग अडून बसतं. तर मिररचा पत्ता होता तसा करा आणि व्हर्जनच पुढं न्या. उडी मारून नाही, ७.५, ७.६, ७.७ आणि मग ऑक्टोबर २०२५ला आलेलं ७.८, असे चार टप्पे. टप्प्याटप्प्यानं का, तर फाइलांवर सही असते आणि ती तपासायची चावी आधीच्या व्हर्जनमध्ये येते, ७.४ जवळ ७.५ ची चावी आहे, त्याच्या पुढचं ते ओळखत नाही. रूट (मुख्य) खात्यातनं सिसअपग्रेड ही कमांड द्या, ते स्वतः उतरवून घेतं, सही तपासतं, रीबूट होऊन चढवतं. मग सिसमर्ज (सेटिंगच्या फाइली जुळवायची कमांड) आणि शेवटी पॅकेजं ताजी करायची. जुन्या व्हर्जन सगळ्याच मिररवर ठेवत नाहीत, एकावर नाही सापडलं तर दुसरा मिरर बघा. आणि फायरवॉलच्या (इथं त्याला पीएफ म्हणतात) नियमांची फाइल आधी पेनड्राईव्हवर घ्या, हे विसरू नका. पुढं प्रत्येक व्हर्जनवर सिसपॅच ही कमांड अधूनमधून चालवत राहिलात तर मधल्या दुरुस्त्या मिळत राहतील.

लाईटचं तुमचं खरंय आणि इथं ओपनबीएसडी कमी पडतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या फाइलसिस्टिमला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही, म्हणून धाडकन बंद झालं की चालू होताना पूर्ण डिस्क तपासावी लागती. डिस्कवर लिहायचा क्रम सांभाळणारी सॉफ्टडेप नावाची एक सोय होती ती पण ७.४ पासून बिनकामाची केली, कारण त्या कोडमुळं बाकीची सुधारणा अडकत होती. कारण मला पटतं, पण दिवसाला तीनदा लाईट जाणाऱ्या गावात त्रास होतोच. छोटा यूपीएस घ्या, राऊटरचं मशीन फार वीज खात नाही. आणि अपग्रेड करताना मधेच लाईट गेलीच तर घाबरू नका, बूट होताना बीएसडी डॉट आरडी (इन्स्टॉल करायची छोटी सिस्टिम) द्या, त्यातनं अपग्रेड निवडून परत करता येतं.

प्रश्न : मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सी बऱ्यापैकी येतं, इंग्रजी बेताचं. ओपनबीएसडीचं काम करणाऱ्यांना पगार कोण देतं, आणि माझ्यासारखीचा तिथं काही उपयोग होईल का?
– एक विद्यार्थिनी, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात, प्रोजेक्ट देणग्यांवर चालतं. २०१४च्या जानेवारीत तर मशीनच्या खोलीचं लाईटबिल भरायला २० हजार डॉलर कमी पडले, बंद करायची वेळ येईल असं त्यांनी उघड सांगितलं, मग लोकांनी पैसे दिले आणि काम चालू राहिलं. हेच लोक १९९९ पासून ओपनएसएसएच करतात, जगातले सर्व्हर लांबून चालवायचे म्हणलं की बहुतेक ठिकाणी तेच असतं, तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर त्याच्यात पण.

उपयोग नक्की होईल, आणि सुरुवात मॅन पेजपासून (कमांडच्या माहितीच्या पानापासून) करा असं मी सांगेन. तिथं कागदपत्रात चूक असणं म्हणजे बगच धरतात. एखाद्या कमांडचं पेज हळूहळू वाचायचं, त्यात लिहिलेला प्रत्येक पर्याय चालवून बघायचा, जिथं लिहिलंय एक आणि होतंय दुसरं तिथं थांबायचं, सोर्स उघडायचा, आणि बदल डिफ (जुन्या-नव्यातला फरक दाखवणारी फाइल) काढून पाठवायचा. सोर्स अजून सीव्हीएस या कोड सांभाळायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. गिटहबवर त्याची नक्कल आहे ती वाचायला घ्या, तिथं पुल रिक्वेस्ट टाकून फायदा नाही. डिफ छोटा ठेवा, एका डिफमध्ये एकच गोष्ट. इंग्रजी दोन वाक्याचं असलं तरी चालतं, काय बिघडलं आणि कसं दिसतं एवढं सांगितलं की झालं. कोड कसा लिहायचा याचं सुद्धा मॅन पेज आहे, स्टाईल नावाचं, ते आधी वाचा कारण जागा कुठं सोडायची इथपर्यंत ते लोक बघतात. उत्तर कधी रोखठोक येतं, मनाला लावून घेऊ नका, डेव्हलपर एकमेकांचे बदलसुद्धा दुसऱ्याचं ओके आल्याशिवाय सहसा घालत नाहीत.

दुसरं, घरी पडून असलेल्या लॅपटॉपवर स्नॅपशॉट टाका आणि डीमेसेज कमांडचं आउटपुट (मशीनमधले कोणते भाग ओळखले त्याची यादी) प्रोजेक्टला पाठवा. आपल्या भागात मिळणारे सेकंडहँड लॅपटॉप, त्यातलं वायफाय कार्ड, टचपॅड चालतं का नाही हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं.

प्रश्न : ओपनबीएसडीवर मराठी दिसतं का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : नुसत्या काळ्या कन्सोलवर नाही, एक्सटर्म या कमांड लिहायच्या खिडकीत पण जोडाक्षरं तुटतात. ग्राफिकल डेस्कटॉप चालू करून नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका, फायरफॉक्समध्ये नीट वाचता येतं.