नवी स्मार्ट की स्टार्ट बटणाला टेकवली तरच गाडी सुरू होते, एरवी नाही. काय बिघडलं असेल?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ह्युंदाई क्रेटाच्या दोन चाव्यांपैकी एक हरवली. नवी स्मार्ट की ऑनलाइन मागवली आणि चावीवाल्याकडून प्रोग्रॅम करून घेतली. आता ती स्टार्ट बटणाला टेकवली की गाडी सुरू होते, पण खिशात ठेवली तर चावी सापडत नसल्याचा मेसेज येतो. लॉक-अनलॉकची बटणंही चालत नाहीत. चावीवाला म्हणतोय, पुन्हा एकदा प्रोग्रॅम करून बघू.

मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि चाव्यांचं काम करतो. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता पुन्हा प्रोग्रॅमिंग करू देऊ नका. टेकवून गाडी सुरू होते, म्हणजे गाडीने ती चावी आपली म्हणून नोंदवलेली आहे. बिघाड दुसरीकडे आहे.

स्मार्ट कीमध्ये इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणामागच्या कॉइलमधून तिला जवळून वीज मिळते आणि ती कोड सांगते. सेल संपलेल्या चावीनेही गाडी सुरू करता येते ती यामुळेच. रेडिओचा भाग मात्र सेलवर चालतो. चावी खिशात असताना गाडीतले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात आणि चावी ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. लॉक-अनलॉकचा सिग्नलही याच ४३३ वरून जातो. तुमच्याकडे जे जे ४३३ वर अवलंबून आहे, नेमकं तेवढंच बंद आहे. (बटणं चालत असती आणि फक्त खिशातून गाडी सुरू होत नसती, तर मी १२५ च्या बाजूला, म्हणजे अँटेनाकडे संशय घेतला असता.)

जुनी चावी लांबून नीट चालते ना, ते आधी बघा. चालत असेल तर गाडीचा रिसीव्हर ठीक आहे आणि दोष नव्या चावीतच आहे.

मग जुन्या चावीतला सेल काढून नवीत घाला. सीआर२०३२ (चावीतला गोल चपटा सेल) मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवतो म्हणून तो चांगलाच असेल असं नाही. दुकानात पडून राहिलेला सेल नुसता मोजला तर ठीक वाटतो, पण बटण दाबलं की कोसळतो. चावी उघडलीच आहे तर सेलखालची धातूची पत्ती नीट बघा. स्वस्तातल्या चाव्यांमध्ये ती दबून बोर्डाला चिकटलेली असते आणि सेलला लागतच नाही. नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने अलगद वर उचला. काही वेळा सेलवरची पारदर्शक पट्टीही काढायची राहून गेलेली असते.

एवढं करूनही चालली नाही तर मला खात्रीने फ्रिक्वेन्सीचाच संशय येईल. अमेरिका आणि जपानच्या अनेक गाड्यांच्या चाव्या ३१५ मेगाहर्ट्झच्या असतात, आपल्याकडच्या ४३३ च्या. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. चिप जुळणारी असली तर प्रोग्रॅमिंगही होऊन जातं, आणि बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो म्हणून लोक फसतात. दिवा फक्त सेल आणि बटण ठीक असल्याचं सांगतो. चावीवाल्याकडे सहसा फ्रिक्वेन्सी टेस्टर असतो, त्यावर दोन्ही चाव्या दाबून आकडे ताडून बघायला सांगा. फरक निघाला तर चावी परत करा.

दुसरी चावी घेताना ती कोरी आहे याची खात्री करा. दुसऱ्या गाडीला एकदा जोडलेली ह्युंदाईची स्मार्ट की सहसा लॉक झालेली असते, ती तुमच्या गाडीला तशीच लागत नाही. प्रोग्रॅमिंगच्या वेळी जुनी चावी सोबत न्या, कारण त्या वेळी समोर नसलेल्या चाव्या गाडीतल्या नोंदणीच्या यादीतून सहसा उडतात. प्रोग्रॅमिंगसाठी लागणारा गाडीचा गुप्त पिन चुकीचा टाकत राहिल्यास सिस्टीम काही काळ लॉक होते, म्हणून अंदाजाने पिन टाकणाऱ्याला थांबवा. गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करा. मध्येच व्होल्टेज पडलं की काम अर्धवट राहतं.

आणि चावीवाल्याने प्रोग्रॅमिंगचं यंत्र (स्कॅनर) लावलेलं असतानाच यादीत किती चाव्या आहेत ते विचारा. दोनच हव्यात. तीन दिसल्या तर हरवलेली चावी अजून तुमची गाडी उघडू शकते, ती काढून टाकायला सांगा. चावी हरवल्याची पोलिसांत नोंदही करून ठेवा, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळच्या दोन्ही चाव्या मागते.